एन्कहाउझेन: नेदरलँड्समधल्या एका जुन्या बंदरगावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲमस्टरडॅमला येणारे बरेचसे मराठी पाहुणे ट्युलिपच्या बागा, पवनचक्क्या आणि फोलेनडामचा धक्का पाहून परत जातात. एन्कहाउझेनचं नाव सुचवलं की पहिला प्रश्न ठरलेला, "तिथे काय आहे?" त्याच्यामागून येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

हे गाव नेमकं कुठे आहे? केवढं आहे?

उत्तर हॉलंड प्रांतात, ॲमस्टरडॅमच्या ईशान्येला. वेस्ट फ्रिसलंड या भागाचं हे पूर्वेकडचं टोक. ॲमस्टरडॅमहून रेल्वेने साधारण एक तास लागतो आणि इथे रूळ संपतात. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर बंदर. लोकसंख्या अठरा-एकोणीस हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी बाजारगावाएवढी. जुनं गाव पायी फिरायला अर्धा दिवस पुरतो.

आजूबाजूची बरीचशी जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. साऱ्या वेस्ट फ्रिसलंडला वेढून १२६ किलोमीटरचा मध्ययुगीन बांध आहे आणि एन्कहाउझेन त्याच बांधावर बसलं आहे. आज शोभेच्या दिसणाऱ्या त्या गवताळ उंचवट्यावर या मुलखाचा जीव टांगलेला होता.

एवढ्याशा गावाला दोन अवाढव्य चर्च, इतके कालवे आणि एवढा मोठा तट कशाला?

गाव लहान होतं म्हणून नव्हे, लहान झालं म्हणून. १६२२ च्या शिरगणतीत इथे सुमारे २१ हजार माणसं होती. म्हणजे चारशे वर्षांनंतरही गावाची लोकसंख्या तेवढी झालेली नाही. त्या काळात ही भरभराट अशीच चालू राहणार या हिशोबाने तट बाहेर सरकवला, नवे कालवे खणले, भूखंड पाडले. माणसं मात्र पुढे वाढली नाहीत, उलट अठराव्या शतकाअखेरीला सात हजारांच्या आसपास उरली.

रिकाम्या घरांचं काय केलं? पाडली. विटा, तुळया, कौलं विकली. मोकळ्या झालेल्या जागेत गवत वाढलं, गवतावर गाई आल्या, आणि तटाच्या आत, शहराच्या हद्दीत, शेतकरी राहू लागले. त्या भागाला आजही ‘बूरेनहूक’, म्हणजे शेतकऱ्यांचा कोपरा, म्हणतात. मला विचाराल तर सगळ्या गावात पाहण्यासारखी जागा हीच. मुख्य रस्त्यावरची सतराव्या शतकातली ऐटदार विटांची घरं संपतात आणि दोन-चार वळणांत तुम्ही अरुंद कालव्याच्या काठी येता. दोन्ही बाजूंना भाजीचे वाफे, बुटक्या लाकडी पुलांवरून प्रत्येक अंगणात जाणारी वाट, आणि मधूनच पिरॅमिडसारखं छप्पर असलेलं या भागातलं शेतघर. इथले शेतकरी तटातल्या पाणदरवाजातून होडीने बाहेरच्या शेतावर जात आणि संध्याकाळी माल घेऊन परत येत.

गावाचा स्वभाव इथे कळतो. श्रीमंतीत बांधलं आणि गरिबीत टिकलं. पैसा आटल्यामुळे एकोणिसाव्या शतकात जुनं पाडून नवं उभारण्याची ऐपत कुणाचीच नव्हती. म्हणून आज शेकडो संरक्षित वास्तू उभ्या आहेत. वारसा जपण्याच्या कौतुकाची भाषणं नंतरची.

मुळात पैसा आला कुठून?

हेरिंग माशातून. गावाच्या मानचिन्हावर तीन हेरिंग आहेत आणि तिघांच्याही डोक्यावर मुकुट. मासळीला राजाचा मान देणारी माणसं आपल्या कोकणात सहज खपली असती.

खरी किमया मासा पकडण्यात नव्हती, टिकवण्यात होती. जहाजावरच हेरिंगचा गळा एका छोट्या चाकूने चिरून कल्ले आणि आतड्याचा बराचसा भाग काढायचा, स्वादुपिंड मात्र आत ठेवायचं, आणि मीठ लावून पिंपात दाबायचं. त्या उरलेल्या ग्रंथीतल्या रसांनी मासा हळूहळू मुरतो आणि महिनोनमहिने टिकतो. त्यामुळे बोटींना रोज किनाऱ्याला परतावं लागत नसे. त्या आठवडेच्या आठवडे उत्तर समुद्रात राहत. मग मीठ हवं म्हणून पोर्तुगालकडे जहाजं गेली, पिंपांना आणि जहाजांना लाकूड हवं म्हणून बाल्टिककडे. तिकडून धान्य आलं. सुतार, पिंपं करणारे, दोर वळणारे, शिडं शिवणारे अशी सगळी बलुतेदारी एका माशाभोवती उभी राहिली.

नगराचे हक्क गावाला चौदाव्या शतकाच्या मध्यावर मिळाले होते, पण वैभव सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं.

स्पेनविरुद्धच्या बंडात या गावाचं नाव का घेतात?

२१ मे १५७२ रोजी एन्कहाउझेनने स्पेनच्या राजाचा अंमल झुगारून बंडाचा नेता विल्यम, म्हणजे ऑरेंजचा राजपुत्र, याची बाजू घेतली. उत्तर हॉलंडमध्ये हे पाऊल उचलणारं हे पहिलं शहर. ॲमस्टरडॅम मात्र १५७८ पर्यंत स्पेनच्या बाजूला होतं, ही गोष्ट इथली माणसं अजून सांगतात आणि सांगताना चेहऱ्यावर समाधान असतं.

ऑक्टोबर १५७३ मध्ये झायडर झीवर, म्हणजे तेव्हा गावासमोर असलेल्या समुद्राच्या फाट्यावर, लढाई झाली. एन्कहाउझेन, होर्न, मोनिकेनडाम वगैरे गावांच्या ताफ्याने स्पॅनिश बाजूचा नौदलप्रमुख काउंट बोसू याला कैद केलं. लुटीची वाटणी मजेशीर झाली. एन्कहाउझेनला त्याची तलवार, होर्नला त्याचा पेला आणि मोनिकेनडामला त्याच्या गळ्यातली मानाची साखळी. होर्न इथून जेमतेम सतरा-अठरा किलोमीटरवर, आणि दोन्ही गावांत चुरस जुनीच. तलवार श्रेष्ठ की पेला, हा वाद उकरून काढायचा असेल तर होर्नच्या चहागृहात काढा, इथे उत्तर ठरलेलं आहे.

गोव्याशी याचा काय संबंध?

थेट संबंध आहे, आणि मराठी वाचकाने हे गाव पाहावं याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण तेच.

यान हायखेन फान लिन्शोटेन १५६३ मध्ये हार्लेममध्ये जन्मला आणि लहानपणीच आईवडिलांबरोबर एन्कहाउझेनला आला. सोळाव्या वर्षी तो नशीब काढायला स्पेनला गेला, तिथून पोर्तुगालला, आणि १५८३ मध्ये गोव्याच्या नव्या आर्चबिशपच्या, व्हिसेंते दा फोन्सेका यांच्या, पदरी कारकून म्हणून गोव्यात उतरला. पाच वर्षं तो तिथे होता. आर्चबिशपच्या कचेरीत बसणाऱ्या माणसाच्या हाताखालून काय काय जातं याची कल्पना करा. पोर्तुगीजांनी जिवापाड जपलेली माहिती त्याने उतरवून घेतली. कुठल्या वाऱ्याला निघायचं, कुठल्या बेटाला वळसा घालायचा, कुठे खडक आहेत, कुठल्या बंदरात काय भावाने मिळतं, असं सगळं.

आर्चबिशप १५८७ मध्ये वारले आणि त्याने परतीची वाट धरली. वाटेत अझोर्स बेटांवर दोन वर्षं अडकून १५९२ मध्ये तो एन्कहाउझेनला पोहोचला. १५९५ मध्ये त्याने सागरी मार्गांचं पुस्तक काढलं आणि १५९६ मध्ये ‘इटिनेरारिओ’ हे मोठं प्रवासवर्णन. १५९५ च्या वसंतात पूर्वेकडे निघालेल्या पहिल्या डच ताफ्याला त्याच्या माहितीचा आधार होता. मलाक्काच्या सामुद्रधुनीत पोर्तुगीज बळकट आहेत, तिकडे जाऊ नका, सुंदाच्या सामुद्रधुनीने जा, हा सल्ला त्याचाच. पुढची दोनशे वर्षं आशियात डचांनी जे काही केलं, बरं आणि पुष्कळसं वाईट, त्याची वाट गोव्यातल्या एका कारकुनाच्या टिपणांतून गेली.

‘इटिनेरारिओ’ वाचायला रुक्ष नाही. जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यावर सकाळी भरणारा लिलावाचा बाजार त्यात चित्रासकट आहे. दागदागिन्यांपासून घोड्यांपर्यंत आणि गुलामांपर्यंत सगळं तिथे बोलीला लागायचं. माड, फणस, काजू यांची वर्णनं आहेत. आंबा आतून पिवळसर असतो आणि त्याचा हंगाम ईस्टरआधीच्या उपासाच्या काळापासून ऑगस्टपर्यंत चालतो, अशी नोंद आहे. लोणच्याचाही उल्लेख आहे. वनस्पतींवरच्या बऱ्याच टिपा मात्र त्याच्या नाहीत, त्या एन्कहाउझेनचा नगरवैद्य पालुडानस याने घातल्या. हा पालुडानस वेगळंच प्रकरण होतं. जगभरातले शिंपले, बिया, दगड, वाळवलेले प्राणी घरात जमवून ठेवणारा, आणि तो संग्रह पाहायला युरोपभरातून माणसं यायची.

लिन्शोटेन एकटाच होता का?

नाही. डिर्क खेरित्स पोंप हा १५४४ च्या सुमाराचा एन्कहाउझेनचाच. त्याने गोव्यात कित्येक वर्षं काढली आणि पोर्तुगीज जहाजावर गोलंदाज म्हणून चीन आणि जपान गाठलं. तिकडे पोहोचलेला पहिला ज्ञात डच माणूस म्हणून त्याला गावात ‘डिर्क चायना’ हे नाव पडलं. १५९० मध्ये तो परतला. लुकास यान्सझोन वाखेनार हाही इथलाच. त्याने १५८४ मध्ये सागरी नकाशांचा पहिला छापील संच काढला आणि तो इतका चालला की इंग्रज खलाशी नकाशांच्या कुठल्याही पुस्तकाला त्याच्याच नावाने ओळखू लागले.

म्हणजे १५९२ च्या सुमारास या चिमुकल्या बंदरात वाखेनार, पालुडानस, पोंप आणि लिन्शोटेन एकाच वेळी वावरत होते. चौघांची गाठभेट कुठल्या खानावळीत व्हायची हे कळलं असतं तर मी आधी तिथे गेलो असतो.

डच ईस्ट इंडिया कंपनीत एन्कहाउझेनचं वजन किती?

आकाराच्या मानाने खूपच. १६०२ मध्ये कंपनी स्थापन झाली तेव्हा तिच्या सहा शाखा होत्या: ॲमस्टरडॅम, मिडेलबर्ग, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न आणि एन्कहाउझेन. भांडवल प्रत्येक शाखेने आपापल्या गावात उभारलं. एकूण सुमारे ६४ लाख गिल्डरपैकी (गिल्डर म्हणजे डचांचं जुनं नाणं) एन्कहाउझेनने ५ लाख ४० हजार घातले. ॲमस्टरडॅम आणि मिडेलबर्गच्या खालोखाल हा तिसरा आकडा, रॉटरडॅमच्या तिपटीहून जास्त. एवढं करून संचालक मंडळाच्या सतरा जागांपैकी कायमची एकच जागा मिळाली. ॲमस्टरडॅमला आठ.

पैसे घालणारे सगळे शेठ नव्हते. २०१० मध्ये होर्नच्या अभिलेखागारात एका विद्यार्थ्याला कंपनीचं सगळ्यात जुनं ज्ञात भागपत्र सापडलं. तारीख ९ सप्टेंबर १६०६, शाखा एन्कहाउझेन, रक्कम १५० गिल्डर. भागधारक पीटर हार्मेन्स हा नगराध्यक्षांचा शिपाई होता. आतल्या पानांवर त्याला मिळालेल्या लाभांशाच्या नोंदी आहेत. कंपनीने १६१० मध्ये पहिला मोठा लाभांश जायपत्रीच्या रूपात दिला होता. जायपत्रीने घरखर्च कसा भागवायचा, हा प्रश्न लहान भागधारकांना पडलाच असणार.

वेंगुर्ल्याची डच वखार एन्कहाउझेनची का?

एका शाखेची अशी नव्हती, कंपनीची होती. १६३७ मध्ये डचांनी वेंगुर्ल्यात ठाणं मांडलं ते मुख्यतः गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या आपल्या ताफ्याला पाणी, धान्य आणि बातम्या मिळाव्यात म्हणून. मुलूख तेव्हा आदिलशाहीचा. कंपनीच्या खर्चात आणि नफ्यात सहाही शाखांचा हिस्सा असे, त्यामुळे वेंगुर्ल्यातल्या त्या पडक्या भिंतींत एन्कहाउझेनचा पैसाही आहे, एवढं म्हणता येईल. आणि ज्या गोव्यात लिन्शोटेन मालकाची चाकरी करत होता, त्याच गोव्याच्या तोंडाशी पन्नास वर्षांनी त्याच्या देशाची जहाजं तोफा रोखून उभी होती.

मग गाव उतरणीला का लागलं?

एकच कारण नाही. इंग्लंडशी एकामागून एक युद्धं झाली आणि हेरिंगच्या ताफ्याचं कंबरडं मोडलं. बंदर गाळाने भरत गेलं, जहाजं मोठी होत गेली. व्यापार, दलाल, विमा, कर्ज हे सगळं ॲमस्टरडॅमकडे ओढलं गेलं आणि पैसेवालीही तिकडेच गेली. १७९९ अखेर कंपनीच गुंडाळली गेली. फ्रेंच अमलात उरलंसुरलं संपलं.

समुद्र कुठे गेला? नकाशात तर तलाव दिसतो.

तलावच आहे. झायडर झी हा उत्तर समुद्राचा आत घुसलेला फाटा होता. १९१६ च्या जानेवारीत पुराने मोठं नुकसान केलं. अभियंता आणि मंत्री कोर्नेलिस लेली यांनी त्याचं तोंड बंद करण्याचा आराखडा आधीच करून ठेवला होता, तो १९१८ मध्ये कायद्याने मंजूर झाला आणि २८ मे १९३२ रोजी ३२ किलोमीटर लांबीच्या आफ्स्लाउटडाइक बांधातली शेवटची फट बुजवली गेली. खारं पाणी काही वर्षांत गोडं झालं आणि त्याचं नाव आयसलमेर पडलं.

पूर थांबले, हे खरं. पण हेरिंग आणि अँकोव्ही नाहीसे झाले, वाम उरली. काठावरच्या गावांतल्या कोळ्यांचा धंदा एका पिढीत बसला. सरकारी मदत होती, ती पुरेशी नव्हती अशी तक्रार त्यांच्या नातवंडांच्या तोंडूनही ऐकू येते. धरणग्रस्तांच्या गोष्टी ऐकलेल्या मराठी माणसाला यातलं काहीच परकं वाटणार नाही.

झायडरझी संग्रहालय खरंच बघण्यासारखं आहे का, की पर्यटकांचा सापळा?

बघण्यासारखं आहे. आतला भाग १९५० पासून, कंपनीचं मिरीचं कोठार असलेल्या इमारतीसह जुन्या घरांत आहे. लाकडी छताखाली उभ्या केलेल्या खऱ्याखुऱ्या शिडाच्या होड्या तिथे पाहा. उघड्यावरचा भाग १९८३ मध्ये सुरू झाला. झायडर झीच्या काठावरच्या गावांतली घरं, दुकानं, चर्च, धुलाईघर उचलून इथे आणून वसवली आहेत. बाटलीच्या आकाराच्या तीन उंच भट्ट्या चुकवू नका. त्यांत शिंपले भाजून चुना करत. धुरावर भाजलेली मासळी तिथेच धुरांड्यातून काढून देतात.

माझी एक कुरकुर आहे. तिथे सगळं जरा जास्तच नीटनेटकं वाटतं. कोळ्याच्या घरात मासळीचा वास नसेल तर ते घर अर्धंच. तरीही फोलेनडाममध्ये उसना पोशाख घालून फोटो काढण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

ड्रोमेडारिस काय आहे? सगळ्या फोटोंत दिसतो.

बंदराच्या तोंडावरचा १५४० चा बुरूज. तोफा ठेवण्यासाठी बांधला, नंतर उंची वाढवून वर घंटा बसवल्या. आज तिथे सांस्कृतिक केंद्र आहे. त्या घंटा सतराव्या शतकातल्या, हेमोनी या नावाजलेल्या घराण्याच्या ओतकामातल्या. वाजतात तेव्हा पुलावर थांबून ऐका.

आता गावाचं पोट कशावर चालतं?

पर्यटन आणि जुनी शिडाची जहाजं, हे डोळ्यांना दिसतं. खरी कमाई बियाण्यात आहे. खाडीकाठची चिकणमाती, थंड दमट वारा आणि भाजीपाल्यात मुरलेले शेतकरी, यातून १८६७ मध्ये स्लाउस आणि ग्रोट या दोघांनी बियाण्याचा व्यापार सुरू केला. त्या कंपनीचा वारसा आज सिंजेंटाकडे आहे, जिचं भारतातलं मुख्यालय पुण्यात आहे. १९३८ पासूनची एन्झा झाडेन ही एका घराण्याच्या मालकीची कंपनीही इथलीच. एन्कहाउझेनपासून पश्चिमेला वार्मेनहाउझेनपर्यंतच्या पट्ट्याला ‘सीड व्हॅली’ म्हणतात. वार्मेनहाउझेनची बेयो झाडेन म्हणजे जालन्याच्या बेजो शीतलमधली ‘बेजो’. जालन्याच्या माणसाला या भागात बोलायला विषय शोधावा लागत नाही.

गावाबाहेर काचेची हरितगृहं आणि प्रयोगाची शेतं पसरलेली दिसतात. आत सहसा सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

पॉलस पॉटर हा चित्रकार इथलाच ना?

हो. १६२५ मध्ये इथे जन्मला, लहानपणीच कुटुंबासह ॲमस्टरडॅमला गेला. त्याचा प्रसिद्ध ‘बैल’, १६४७ चा, हेगच्या माउरिट्सहाउसमध्ये आहे. तो बघायला इथे येऊ नका.

कधी जावं? शाकाहारी माणसाचं काय?

एप्रिल ते ऑक्टोबर. हिवाळ्यात संग्रहालयाचा उघड्यावरचा भाग बंद असतो आणि बंदरावरचा वारा कानटोपीतून आत शिरतो. उन्हाळ्यात इथून पाण्यापलीकडच्या फ्रिसलंड प्रांतातल्या स्टाफोरेनला प्रवासी बोट जाते. १८८६ पासून ती रेल्वेला जोडलेली होती, ॲमस्टरडॅम ते फ्रिसलंडचा तो मुख्य मार्ग होता. लहान मुलं बरोबर असतील तर परीकथांची एक छोटी बाग गावाजवळच आहे.

शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही: चीजचे पाव, बटाट्याचे काप, पोफर्ट्येस (छोटे गोड घावन, यात अंडं असतं, आधी विचारा). मासे खाणाऱ्यांनी मात्र धुरावरची वाम खाल्ल्याशिवाय गाव सोडू नये.

बांधावरून सायकलने पाण्यापलीकडच्या लेलिस्टाड शहराला जाता येतं का?

येतं. १९७५ मध्ये पूर्ण झालेला हाउट्रिबडाइक साधारण २७ किलोमीटरचा आहे. सुरुवातीलाच एक गंमत आहे. २००३ मध्ये बांधलेल्या जलसेतूवर जहाजं डोक्यावरून जातात आणि मोटारी खालून. पुढे सावली नाही आणि दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. वारा समोरून असला तर हे अंतर दुप्पट वाटतं, म्हणून आदल्या रात्री वाऱ्याची दिशा बघा आणि पाठवारा असेल तरच निघा. लेलिस्टाडहून रेल्वेने परत येता येतं. सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं, आणि कचेऱ्यांच्या गर्दीच्या वेळी सायकल डब्यात घेऊ देत नाहीत.